कात्री लावण्याआधी : एका घरातल्या तीन गोधड्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कुटुंबाच्या परवानगीनं लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत किंवा बदलले आहेत. नावं दिलेली नाहीत. घरातल्या दोन मुलांच्या नात्यानं सगळ्यांचा उल्लेख केला आहे : बाबा, आई, आजी, आत्या, काका, काकू. मुलगी तेव्हा ११ वर्षांची होती आणि मुलगा ६ वर्षांचा. मी शोकग्रस्त कुटुंबांबरोबर काम करणारी समुपदेशक आहे. हातशिलाई लहानपणी शिकले, म्हणून या घरात माझी भूमिका नेहमीपेक्षा थोडी वेगळी झाली.

बाबा ४१व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी परतला नाही. आजारपण नाही, उपचारांची धावपळ नाही, निरोप नाही. असा मृत्यू झाला की घरच्यांना करण्यासारखं काही उरत नाही, आणि हात तर काहीतरी शोधत राहतात. कुणी कपाटं आवरतं, कुणी कागदपत्रं लावत बसतं, कुणी रात्री दोन वाजता ओटा पुसतं.

आत्या ही बाबांची धाकटी बहीण. शिवणात तिचा हात चांगला. तिला सुचली ती गोधडी. बाबांच्या कपड्यांची, घरातल्या सगळ्यांनी मिळून शिवलेली, आईच्या आणि मुलांच्या अंगावर घालायला. गोधडीला मुळात वापरून मऊ झालेलंच कापड लागतं, त्यामुळे ही कल्पना कुणालाही पटावी अशी होती. काकूला पटली, काकांना पटली. आजी म्हणाली, "मला धड दिसत नाही, पण मीही घालीन चार टाके." आईला मात्र यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं. तयार झाल्यावर एकदम द्यायची. तिला बरं वाटेल.

पुढचं सगळं प्रकरण या "सांगायचं नाही"तून निघालं.

अडचण

बाबांच्या मृत्यूनंतर पाचव्या आठवड्यात आई कुठल्याशा कागदावर सह्या करायला बाहेर जाणार होती. आत्या म्हणाली, "वहिनी, तोवर आम्ही कपाट आवरून ठेवू का?" आई म्हणाली, "करा काय करायचं ते." आत्यानं आणि काकूनं याला होकार मानलं. मी नंतर आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्या दिवशी मला कुणी घर विकू का विचारलं असतं तरी मी हेच म्हणाले असते." दुःखात बुडालेल्या माणसाचं "करा काय करायचं ते" म्हणजे बहुतेक वेळा "मला आत्ता विचारू नका" असतं. होकार आणि थकवा ऐकायला सारखेच वाटतात. हा या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो निर्णय आहे हे तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दोन पिशव्यांत २७ कपडे निघाले. काकूनं ते घरी नेऊन सगळे धुतले, वाळवले, इस्त्री केली. शिवणकामाच्या नियमानं यात चूक काही नव्हती. सुती कापड कापण्याआधी धुवावंच लागतं, नाहीतर शिवून झाल्यावर एक तुकडा आटतो, शेजारचा आटत नाही आणि सगळी गोधडी आखडते. गडद रंग सुटतो, तो फिक्या तुकड्यावर चढतो. काकूनं रंगांप्रमाणे वेगवेगळे गठ्ठे करून धुतले होते, इतकी काळजी घेतली होती.

त्या गठ्ठ्यात एक करडा, लांब बाह्यांचा शर्ट होता. बाबांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी घातलेला. तो दाराच्या मागे खुंटीला होता आणि मुलं झोपली की आई तो उशीशी घेऊन झोपायची. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. असं कोण सांगतं?

रात्री अकराला तिनं आत्याला फोन केला. "खुंटीवरचा करडा शर्ट कुठे आहे?"

आत्यानं धीर द्यायच्या सुरात सांगितलं, "आहे वहिनी, आमच्याकडे आहे. छान धुऊन, इस्त्री करून ठेवलाय. काळजी करू नका."

आईनं फोन ठेवला. पुढचे नऊ दिवस ती आत्याशी बोलली नाही.

वासाचं महत्त्व बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. दिसणं, ऐकणं, स्पर्श या संवेदना मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या भागातून जातात आणि मग पुढे पोचतात. गंधाची वाट वेगळी आहे. तो भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळपास थेट पोचतो. म्हणून फोटो पाहून माणूस "आठवतो", आणि वासानं तो क्षणभर खोलीत येतो. शर्टाचा वास एरवीही काही महिन्यांत विरलाच असता, पण तो हळूहळू विरणं आणि एका दुपारी साबणाच्या पाण्यात जाणं यात फार अंतर आहे. आईच्या दृष्टीनं बाबा दुसऱ्यांदा गेले होते, आणि तेही तिच्या नकळत.

दुसरी अडचण मला नंतर कळली. आत्यानं मुलीला विश्वासात घेतलं होतं, तिला रंगसंगतीची आवड होती म्हणून, आणि बजावलं होतं, "आईला सांगू नकोस हं." ११ वर्षांची पोर आईला रात्री शर्ट शोधताना बघत होती. तो कुठे आहे हे तिला माहीत होतं आणि तिनं तोंड उघडलं नाही. तिनं मला सांगितलं, "मी सांगितलं असतं तर सरप्राइज बिघडलं असतं." ज्या मुलानं एक पालक गमावला आहे, त्याला उरलेल्या पालकापासून काहीही लपवायला सांगू नये. गोष्ट कितीही गोड असली तरी.

समोरचे पर्याय

आत्या माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. "मी चांगलं करायला गेले आणि वहिनींचं होतं तेही घालवलं," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आम्ही एका दुपारी बसून काय काय करता येईल ते मांडलं.

सगळं थांबवून कपडे परत करणं हा पहिला मार्ग. तो करायचाच होता. प्रश्न होता तो पुढे काय याचा. काकूचं म्हणणं, करडा शर्ट तेवढा परत द्यावा, बाकीचं काम गुपचूप पुरं करावं, गोधडी पाहिली की राग जाईल. मी याला सरळ विरोध केला. एकदा न विचारता घेतल्याचं दुखणं दुसऱ्यांदा न विचारता कापून बरं होत नाही. आणि धुतलेला शर्ट निदान शर्ट तरी राहतो. कापलेला राहत नाही.

काकांनी वेगळंच सुचवलं : कपड्यांना हातच लावू नये, नवं कापड आणावं, त्यावर प्रत्येकानं बाबांबद्दल एक ओळ भरतकामात लिहावी. हा खरोखर चांगला मार्ग आहे, आणि ज्या घरात कपड्यांवरून मतभेद असतील तिथे मी तोच आधी सुचवते. इथे अडचण अशी की आजीला तिच्या लेकाचं कापडच हवं होतं. "नव्या कापडाचं मी काय करू?" एवढंच ती म्हणाली. कपडे न कापता एका पेटीत नीट जपून ठेवणं, हाही विचार झाला.

मग राहिला तो मार्ग, जो पहिल्या दिवशी घ्यायला हवा होता : आईला विचारायचं. गोधडी हवी का, कुणासाठी हवी, कुठल्या कपड्यांची हवी, केव्हा हवी. आणि "नको" हे उत्तर आलं तर ते शेवटचं मानायचं.

आत्याला भीती होती की विचारलं तर वहिनी नकोच म्हणतील. मी म्हटलं, मग नको. गोधडी शिवण्याची गरज त्या वेळी कुणाला जास्त होती, हे तिला विचारल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. भाऊ तिचाही गेला होता. सांत्वन करायला धावणारी माणसं स्वतःही शोकात असतात, आणि दुसऱ्यासाठी काहीतरी करण्यात त्यांचं स्वतःचं दुःख वाट शोधत असतं. त्यात गैर काही नाही. फक्त ते कुणाचं आहे हे ओळखलेलं बरं.

या कामात मला दोन विचारांचा नेहमी आधार वाटतो. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या शोकाच्या अभ्यासकांनी असं मांडलं की गेलेल्या माणसाशी असलेलं नातं तोडून टाकणं हे शोकाचं उद्दिष्ट नसतं. ते नातं रूप बदलून टिकतं, आणि ते टिकणं निरोगी असू शकतं. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शुट यांनी दाखवलं की शोक करणारा माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतो : कधी तो हानीकडे तोंड करून बसतो, कधी बदललेल्या आयुष्याच्या कामांकडे वळतो, आणि ही ये-जाच त्याला तगवते. गोधडीत या दोन्ही बाजूंना जागा आहे. एका हातात बाबांची बाही असते आणि डोकं साडेदहा इंचाचा चौकोन मोजत असतं. पण ये-जा ज्याची त्यानं करायची असते. आईला पाचव्या आठवड्यात करडा शर्ट हवा होता आणि इतरांना तिनं टेप घेऊन मोजणाऱ्यांत यावं असं वाटत होतं.

काय केलं

पहिली पायरी म्हणजे माफी. मी आत्याला एकच अट घातली : "चांगल्या हेतूनं केलं" हे वाक्य उच्चारायचं नाही. ते खरं असलं तरी ऐकणाऱ्यावर समजून घेण्याचं ओझं टाकतं. आत्या दोन्ही पिशव्या घेऊन गेली. म्हणाली, "वहिनी, मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. सगळे कपडे आणलेत." आई पिशवीतून करडा शर्ट काढून बराच वेळ तो धरून बसली. मग म्हणाली, "शर्ट परत आला. ते नाही आले."

गोधडीचा विषय त्या दिवशी निघाला, तो इतकाच : आत्यानं काय मनात होतं ते सांगितलं आणि "तुम्हाला कधी वाटलं तर" म्हणून सोडून दिलं. पुढचे तीन आठवडे कुणी काही केलं नाही. थांबणं काकूला जड गेलं. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत चांगली कृती तीच होती.

विषय पुन्हा काढला तो मुलानं. बहिणीकडून त्याला कळलं होतं. तो आईला म्हणाला, "माझी गोधडी कधी होणार?" आईनं मला फोन केला.

आम्ही दोघी कपडे घेऊन जमिनीवर बसलो. मी तीन ढीग सुचवले : कापायचे नाहीत, कापले तरी चालतील, आणि आत्ता ठरवायचं नाही. हा तिसरा ढीग असला की पहिले दोन सोपे होतात, हा माझा अनुभव. दोनच ढीग ठेवले की माणूस घाबरून सगळं पहिल्यात टाकतो किंवा धीर दाखवायला सगळं दुसऱ्यात. ८ कपडे कापायचे नाहीत यात गेले. १३ कापले तरी चालतील यात : ९ सुती शर्ट आणि ४ टी-शर्ट. ६ तिसऱ्यात. करडा शर्ट पहिल्या ढिगात जाईल असं मी धरून चालले होते. आईनं तो तिसऱ्यात ठेवला. मी कारण विचारलं नाही.

मग तिनं तीन गोष्टी सांगितल्या. एक, तिला स्वतःला गोधडी नको. मुलांना एकेक आणि आजीला एक. दोन, कापताना ती तिथे नसेल. तीन, प्रत्येक कपड्याचा कापण्याआधी फोटो काढायचा, पुढून आणि मागून. ही तिसरी सूचना मी आता सगळ्यांना सांगते.

मापं अशी ठरली. शिवल्यावर १० इंच राहील असा चौकोन, म्हणजे चारही बाजूंना पाव इंच शिवणीत धरून साडेदहा इंचाचा कापायचा. मुलांच्या गोधड्या ४ बाय ५ चौकोनांच्या, म्हणजे ४० बाय ५० इंच. आजीची मांडीवर घ्यायची, ३ बाय ४. एकूण ५२ चौकोन लागणार होते. एका शर्टाच्या पाठीतून ४ आणि खिशाच्या बाजूच्या समोरच्या भागातून १ असे ५ निघाले. टी-शर्टांचे पुढचा-मागचा मिळून २. एकूण ५३ झाले. टी-शर्टाचं कापड विणीचं असतं, ताणलं जातं. त्याला मागून इस्त्रीनं चिकटणारं फ्यूजिंग लावल्याशिवाय चौकोन चौकोन राहत नाही. चौकोन मशीनवर जोडायचे, आणि वरचा थर, मधला कापसाचा थर आणि अस्तर असे तिन्ही कच्च्या टाक्यांनी धरून मग हातानं धावदोरा घालायचा असं ठरलं. मशीननं हे सगळं चार दिवसांत झालं असतं. आम्हाला ते चार दिवसांत व्हायला नको होतं.

अकरा रविवार लागले, दर रविवारी दोन तास.

पहिल्या रविवारी कात्री लावायची होती. मुलगा तिथेच खेळत होता. आत्यानं निळ्या शर्टाच्या बाजूची शिवण उसवली, कात्री उचलली आणि तो म्हणाला, "मग बाबा आले की काय घालतील?"

सगळ्यांचे हात थांबले. आत्या माझ्याकडे बघायला लागली.

मृत्यू झालेला माणूस परत येत नाही, हे मुलांना साधारण ५ ते ७ वर्षांच्या दरम्यान उमगत जातं. एका दिवशी कळलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं जातं. त्यात आपली भाषा. घरात सगळे "बाबा गेले" म्हणत होते. ते आपलं सौम्य, अदबीचं बोलणं आहे. पण सहा वर्षांच्या मुलाच्या अनुभवात जो जातो तो येतो. बाबा रोजच जायचे आणि रोज यायचे. मी त्याच्याजवळ बसून सांगितलं, "बाबा मेले आहेत. मेले म्हणजे त्यांचं शरीर चालायचं कायमचं थांबलं. ते परत येणार नाहीत. त्यांना आता शर्ट लागणार नाही." तो म्हणाला, "थंडी वाजली तरी?" मी म्हटलं, "त्यांना थंडी वाजत नाही. तुला वाजते." त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, "खिसा पण कापणार?"

त्या दिवशी आम्ही काही कापलं नाही. खिशाचं तेवढं ठरलं. निळ्या शर्टाच्या खिशाच्या खालच्या कोपऱ्यात शाईचा डाग होता, बोराएवढा, मधे गडद आणि कडेला जांभळट. झाकण न लावता पेन ठेवायची बाबांची सवय. काकूनं धुताना तो काढायचा खूप प्रयत्न केला होता आणि तो निघाला नव्हता. तो चौकोन खिशासकट, डागासकट, वरची कड उघडी ठेवून मुलाच्या गोधडीत मधोमध लावायचा असं त्यानंच सांगितलं.

काकांचं वेगळं होतं. त्यांना कात्री धरवेना, मशीनवर बसवेना. दुसऱ्या रविवारी ते उठून बाहेर जाऊन उभे राहिले. तिसऱ्या रविवारी आजी सुईत दोरा ओवायला धडपडत होती, तेव्हा त्यांनी सुई घेतली आणि ओवून दिली. मग दुसरी. पुढे दर रविवारी ते यायचे आणि एकामागून एक वीसेक सुया ओवून उशीला टोचून ठेवायचे. सबंध दोन तास. कुणी त्यांना दुसरं काही करायला सांगितलं नाही.

पाचव्या रविवारनंतर आणखी एक चूक झाली. आजीचे हात थरथरतात. तिचे टाके अर्धा-अर्धा इंच लांब पडायचे आणि ओळ भरकटायची. काकूनं एका रात्री आजीची एक ओळ उसवून बारीक टाक्यांनी पुन्हा घातली. आजीला धड दिसत नाही हे खरं. पुढच्या रविवारी तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे माझे टाके नाहीत."

मी तेव्हा त्यांना एका मोठ्या गोधडीची हकिगत सांगितली. अमेरिकेत क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याच्या पुढाकारानं एड्सनं मरण पावलेल्यांच्या आठवणीत लोकांनी तुकडे शिवायला सुरुवात केली. प्रत्येक तुकडा ३ फूट बाय ६ फूट, साधारण एका कबरीएवढा. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये नॅशनल मॉल या मोठ्या मैदानावर ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा १,९२० तुकडे होते. ते शिवणाऱ्यांत आई-वडील होते, जोडीदार होते, मित्र होते. शिवणकाम येतं की नाही हे कुणी विचारलं नव्हतं. काकूनं ऐकून घेतलं. मग ती आजीजवळ बसली, स्वतःची ओळ स्वतः उसवली, आणि आजीनं तीच ओळ पुन्हा घातली. त्या रविवारी एवढंच काम झालं.

आई सातव्या रविवारी आली. कुणी बोलावलं नव्हतं. मुलीच्या गोधडीचा गोट लावायचा बाकी होता. ती खाली बसली, काकांनी ओवून ठेवलेली एक सुई उचलली आणि कडेनं गोट घालायला लागली. आत्या शेजारीच होती. दोघी तासभर एकाच कडेवर दोन टोकांकडून शिवत आल्या. कोपऱ्यावर पोचल्यावर आई म्हणाली, "तुझा दोरा संपत आलाय." नऊ दिवसांच्या अबोल्यानंतर कामापुरतं बोलणं सुरू झालं होतं, हे त्यापलीकडचं पहिलं वाक्य, असं आत्या सांगते.

परिणाम

गोधड्या मृत्यूनंतर दहाव्या महिन्यात पूर्ण झाल्या. बांधून, समारंभानं द्यायच्या नाहीत हे आईनं आधीच सांगितलं होतं. ज्याची त्यानं उचलून नेली.

मुलगा त्याची रोज घेतो. जमिनीवरून ओढत नेतो, तिची गाडी करतो, तंबू करतो. खिशात दोन खडे आणि एक तुटकं चाक असतं. मुलीनं तिची घडी करून ठेवून दिली आहे. "वापरली तर विरेल," ती म्हणते. सुरुवातीला मला वाटलं होतं की तिला समजावावं, गोधडी वापरण्यासाठीच असते. मग वाटलं, गुपित सांभाळायला लावलेल्या मुलीला निदान हे तरी तिच्या मनानं सांभाळू द्यावं.

आजी तिची मांडीवर घेऊन बसते आणि बोटानं आपले टाके शोधते. पण आजीचं दुःख गोधडीनं हललं नाही. वर्ष उलटलं तरी ती घराबाहेर पडत नव्हती, झोप नव्हती, लेकाशिवाय दुसऱ्या कशात मन लागत नव्हतं. लांबलेल्या शोकाचं निदान करताना जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात किमान ६ महिन्यांचा काळ धरला आहे आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२च्या सुधारित डीएसएम या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेत प्रौढांसाठी १२ महिन्यांचा. कॅलेंडर बघून निदान होत नाही, पण इतक्या काळानंतरही रोजचं जगणं अडलेलं असेल तर तज्ज्ञाला दाखवायलाच हवं. तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि तिथे उपचार सुरू झाले. हे इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण "तिच्यासाठी गोधडी केली ना" असं म्हणून घरचे एक-दोन महिने निवांत राहिले होते. आणि मीही.

आई म्हणते की गोधडीनं दुःख कमी झालं नाही. रविवार मात्र सरले. पहिल्या वर्षात रविवार हाच वार तिला सर्वांत जड जायचा.

पुन्हा करायचं झालं तर

विचारायला हवं होतं, हे उघड आहे आणि आत्या ते रोज स्वतःला सांगते. पण विचारायचं कसं, हे सांगण्यासारखं आहे. "कपाट आवरू का" हा प्रश्न पुरेसा नव्हता. "कुठल्या कपड्याला हात लावायचा नाही?" असं विचारलं असतं तर खुंटीवरचा शर्ट त्याच क्षणी वाचला असता. आणि एकदा विचारून थांबायचं नाही. आठवड्यानं पुन्हा विचारायचं, कारण पहिलं उत्तर थकव्याचं असू शकतं.

न धुतलेला एखादा कपडा बाजूला काढून हवाबंद पिशवीत ठेवावा, हे मी आता पहिल्याच भेटीत सांगते. वास कायमचा टिकत नाही, पण सावकाश जातो. तेवढा सावकाशपणा पुष्कळ असतो.

मुलांना काम द्यावं, गुपित देऊ नये. आणि सहा वर्षांच्या मुलासमोर कात्री काढण्याआधी काय होणार आहे ते त्याला सांगून ठेवायला हवं होतं. ही चूक माझी. मला मापं, फ्यूजिंग, अस्तर सगळं आठवलं आणि खोलीत मूल आहे हे विसरले.

दुसरीही चूक माझीच. आईला विचारून गोधड्या कुणासाठी ते ठरवलं तेव्हा मी मनातल्या मनात शोक करणाऱ्यांची मोजणी केली : बायको, दोन मुलं, आई. बहिणीचं दुःख शिवण्यातून वाट काढत होतं, ते दिसत होतं. भाऊ मोजणीत आलाच नाही. अकरा रविवार काका समोर बसून सुया ओवत होते आणि मी त्यांना एकदाही विचारलं नाही की तुम्हाला काही हवं आहे का.

शेवटच्या रविवारी सामान आवरताना जास्तीचा, त्रेपन्नावा चौकोन मशीनखाली सापडला. फिक्या हिरव्या रेघांचा, पाठीकडचा. आत्या तो चिंध्यांच्या पिशवीत टाकणार इतक्यात काका म्हणाले, "वहिनी, हा मी घेऊ?" आईनं मान हलवली. त्यांनी चारही कडा दुमडल्या, स्वतः ओवलेल्या सुईनं त्या धावदोऱ्यात शिवल्या, आणि चौकोनाची घडी करून खिशात ठेवली.